सोमवारी सकाळी कुंभ्याकडे

भांडुप, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

राजू,

आधी ‘चि. राजेश यास अनेक उत्तम आशीर्वाद’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. सात वर्षं न बोललेल्या भावाला बहिणीने एकदम आशीर्वाद दिले तर तो पत्राची घडी घालून ठेवून देईल, आणि हे पत्र तू शेवटपर्यंत वाचायला हवंस. फोन केला असता तर तू उचलला नसतास. उचलला असतास तर दोन मिनिटांत आपण दोघं ओरडायला लागलो असतो. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

तर कामाचं. तुम्ही नाताळात मुंबई बघायला येताय, बुधवार चोवीस ते सोमवार एकोणतीस. कसं कळलं ते विचारू नकोस, आणि तुझ्या दीप्तीला तर मुळीच विचारू नकोस. तुमच्या हैदराबादच्या फ्रिजवर तू चिकटवलेल्या यादीचा फोटो माझ्याकडे आहे. अक्षर अजून तसंच, मुंग्यांची रांग.

हॉटेल मरोळला! अरे, माझ्या कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर. मी तिथेच दिवसभर डॉक्टरी सामानाचे खोके तपासत असते. सात वर्षं तोंड बघितलं नाही आणि आता तू उतरणार तो माझ्या जेवणाच्या सुट्टीत चालत येण्याइतका जवळ. मी येणार नाही, घाबरू नकोस. पण हसू आलं.

आता यादी. गेटवे, मरीन ड्राइव्ह, सागरी पूल, गोरेगावची फिल्मसिटी, अंधेरीचा मॉल, घाटकोपरचा मॉल. राजू, दोन मॉल? हैदराबादचे मॉल बंद पडले काय? जो मुलगा शाळा बुडवून डोंगरावर करवंदं खात हिंडायचा आणि शर्टावर चिकाचे डाग घेऊन घरी यायचा, तो आपल्या मुलीला मुंबई दाखवतोय आणि सहा दिवसांत एक झाड नाही. अपूर्वा चौदा वर्षांची झाली म्हणे. मी शेवटची पाहिली तेव्हा ती माझ्या ओढणीने बाहुलीला झोळी बांधायची. तिला काय वाटेल, बाबाच्या गावात नुसतं सिमेंट पिकतं?

म्हणून माझी सूचना अशी, की यादीत अर्धा दिवस जंगल घाल. ‘मुंबईत कुठलं आलंय जंगल’ असं दीप्ती म्हणाली. म्हणजे, म्हणाली असती. तिला सांग, डोंगराच्या त्या बाजूला बोरिवली, ह्या बाजूला आपण भांडुप-मुलुंडवाले, आणि मध्ये सगळं जंगलच. बोरिवलीच्या गेटने आत शिरायचं, कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जायचं, दगडावर बसायचं, पोटभर हवा खायची. सोमवारी तुमचं विमान दुपारी साडेचारला आहे आणि सकाळपुढे तू ‘आराम’ लिहिलंयस. आराम घरी जाऊन करा. सोमवारी सकाळी जंगल.

एवढंच. माझ्याकडे या असं मी म्हणत नाहीये.

ताई


सोमवार, २४ नोव्हेंबर

राजू,

वाट लागली!

तुम्हाला पाठवायचं तर आधी आपण बघून यावं म्हणून मी आज रजा टाकली. कारखान्यात माझ्या टेबलावरची द्रौपदी, घाटकोपरची, ती म्हणाली मी पण येते. भाकऱ्या, सुकट, टोपी, पाण्याच्या बाटल्या असा सगळा फौजफाटा घेऊन आम्ही दोघी सकाळी बोरिवलीला गेटवर हजर. आणि गेट बंद.

वॉचमन म्हणाला, “मावशी, सोमवार आहे ना. सोमवारी पार्क बंद.”

द्रौपदी त्याच्या अंगावर धावली. “बंद म्हंजे? जंगल काय सलून आहे काय रे?”

तो शांतपणे म्हणाला, “प्राण्यांना पण सुट्टी पाहिजे ना, मावशी.”

आम्ही गेटासमोरच्या कट्ट्यावर बसून साडेआठ वाजता सुकट-भाकरी खाल्ली. येणारेजाणारे बघत होते. द्रौपदी म्हणाली, “सुगंधा, तुझा भाऊ यायच्या आधीच तू त्याची ट्रिप वाया घालवलीस बघ.” मी इतकी हसले की ठसका लागला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. मी चोपन्न वर्षांची बाई, आणि पहाटे चारला उठून टोपीला नवी इलॅस्टिक शिवत होते.

तर सुधारणा. सोमवार खोडायचा. जंगल रविवारी, अठ्ठावीसला, आणि अर्धा नाही, पूर्ण दिवस. रविवारी तू घाटकोपरचा मॉल लिहिलायस, तो उडव. रविवारी गर्दी असते, म्हणून साडेसातला गेटवर पोचा. मी पण तिथे असेन. लांब उभी राहीन हवं तर. वाटाड्या समज.

पहिलं पत्र मिळालं का? मिळालं नसेल तर हे वाचून तुला काहीच कळणार नाही, आणि मिळालं असून गप्प बसला असशील तर तू अगदी बाबांवर गेलायस.

ताई


रविवार, ३० नोव्हेंबर

राजू,

मिळालं! पत्र मिळालं तुला!

दीप्तीने (आता लपवण्यात अर्थ नाही, तिला बोलू नकोस) काल फ्रिजचा नवा फोटो पाठवला. घाटकोपरचा मॉल खोडलाय आणि बाजूला तुझ्या अक्षरात ‘जंगल?’. ते प्रश्नचिन्ह मी बोटांनी मोठं करून करून पाहिलं. द्रौपदीला दाखवलं. ती म्हणाली, “यार, खोडलंय ना, मग झालं तर. बाकी आपोआप येतं.”

आणि आज आम्ही गेलो होतो. गेट उघडं होतं. राजू, मी तुला काय सांगू! आत शिरलं आणि दहा मिनिटांत हॉर्न ऐकू येईनासे झाले. रस्त्याच्या कडेला हरणं, अगदी शेळ्यांसारखी निवांत. तांबट पक्षी टुक टुक करतोय, दिसत मात्र नाही. कान्हेरीला पायऱ्या चढून वर गेलो तर खडकात कोरलेल्या खोल्याच खोल्या, प्रत्येकीला झोपायला दगडी ओटा आणि दाराशी पाण्याचं टाकं. द्रौपदी एका ओट्यावर आडवी झाली आणि म्हणाली, “वन रूम किचन, पाण्यासकट. आणि आपण मूर्ख बिल्डरच्या मागे.” तेवढ्यात माकडाने तिची पिशवी पळवली. घावण्यांचा डबा त्याने उघडला, हुंगला, आणि घावणे टाकून चटणी चाटली. अपूर्वाला सांग, हातात खाऊ धरायचा नाही.

वरच्या खडकावर उभं राहून मी आपली बाजू शोधत होते. सगळीकडे झाडं, त्यापलीकडे आणखी झाडं, आणि त्या पलीकडे कुठेतरी आपलं घर. आयुष्य डोंगराच्या या बाजूला गेलं आणि ती बाजू पहिल्यांदा आज पाहिली. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

खडकावर बसले आणि जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच डोक्यात आलं. तर विचारतेच. रविवारी संध्याकाळी मरोळला परत जाऊ नका. जोगेश्वरीच्या रस्त्याने गाडी इकडे वळवा आणि रात्री घरी राहा. सोमवारी सकाळी कुंभ्याकडे जाऊ, आणि मग तुम्ही सामान घेऊन विमानतळावर.

कुंभ्याचं नाव काढलं म्हणून पत्र टाकू नकोस.

अपूर्वाला तू कधी सांगितलंयस का? गिरणी बंद पडली आणि बाबा लालबाग सोडून इथे टेकडीवर आले, मुलुंडच्या कंपनीत वॉचमन झाले. दरवर्षी गावाला जायला रजा मिळेना. मग आपल्या गल्लीच्या टोकाला, जंगलाच्या भिंतीला लागून जे कुंभ्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी त्यांनी गावाच्या वेशीवरचा एक दगड आणून ठेवला. आई म्हणाली, देव असो गावाकडचो इकडे आणूक येता काय? बाबा म्हणाले, “राखणदार खंयव आसता. फक्त तेका सांगूक व्हया, आमी हय रवतंव म्हणान.” आणि डिसेंबरात एक दिवस नारळ ठेवून ते गाऱ्हाणं घालायचे, आणि त्यांच्या प्रत्येक मागण्यापुढे आपण सगळ्यांनी ओरडायचं, “व्हय महाराजा!”

तू सहा वर्षांचा होतास. तुझा सगळा जीव नारळाच्या खोबऱ्यावर. बाबांनी ‘बा देवा महाराजा’ म्हणून सुरुवात केली रे केली की तू बेंबीच्या देठापासून “व्हय महाराजा!” अजून त्यांनी काही मागितलेलंच नसायचं. ते तुझ्या टाळूवर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, “अरे, माका मागूक तरी दी!” सगळी चाळ हसायची.

सात वर्षांपूर्वीचं मला माहीत आहे. बाबांना अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली, गाऱ्हाणं तू घालायचं ठरलेलं. तुझं विमान उशिरा आलं. शेजारच्या नितेशने आणि त्याच्या भावाने बाबांना खुर्चीत बसवून वर आणलेलं. ऊन चढलं, बाबांना बसवेना, म्हणून मीच घातलं. तू येऊन पोचलास तेव्हा माझं शेवटचं वाक्य चाललेलं. सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणाले, तू ओठ मिटून उभा राहिलास. आणि अकरा दिवसांनी बाबा गेले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालास, “बायकांनी घातलेला गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय.” त्यानंतर तुझा आवाज मी ऐकला नाही.

कुंभ्याला मी रोज झाडते. डिसेंबरात नारळ ठेवते. पण सात वर्षांत तिथे तोंड उघडलेलं नाही. राजू, ये. तू घाल गाऱ्हाणं. मी मागे उभी राहून व्हय म्हणेन, तुझ्यापेक्षा मोठ्याने.

ताई


बुधवार, १० डिसेंबर

राजू,

दीप्तीने आज सकाळी फोटो पाठवला. ‘जंगल’पुढचं प्रश्नचिन्ह गेलं. खाली ‘मुक्काम ताईकडे’. मी कारखान्यात खोक्यांच्या मागे जाऊन रडले आणि बाहेर येऊन सगळ्यांना जिलबी दिली. सुपरवायझर विचारतो, “सुगंधाताई, लग्न ठरलं काय तुमचं?” म्हटलं, त्याहून मोठं.

घरी येऊन लगेच गाद्यांचे अभ्रे धुतले. नव्या चादरी आणल्या. माळ्यावरचं बाबांचं जातं सुद्धा पुसलं, कशाला पुसलं देव जाणे. मग हात कोरडे केले आणि हे पत्र लिहायला बसले. ते लिहिलं नाही तर तुला मी फसवून बोलावल्यासारखं होईल. आधी ठरवलं होतं की तू येऊन जा, मग कधीतरी सांगू. पण तू प्रश्नचिन्ह पुसलंस. आता मला गप्प बसता येत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ऊन चढलं म्हणून थांबले नाही. खोटं आहे ते. डिसेंबरातलं सकाळचं ऊन, त्यात काय बसवत नव्हतं? तुझा फोन आला होता. “ताई, कांजूरला आलोय, रिक्षात आहे, वीस मिनिटं थांबा.” तो मीच घेतला होता. नितेशने विचारलं, राजेश खंय पोचलो? मी म्हटलं, फोन लागत नाय. आणि सुरुवात केली.

कारण तू आला असतास तर बाबांसाठी आयुष्य मागितलं असतंस. चांगल्या मुलाने मागायचं तेच. पण तू हैदराबादला होतास. चौदा महिने त्यांची कूस मी बदलत होते. पाठीला पडलेल्या जखमा मी धुवायचे, आणि जो माणूस साऱ्या गल्लीला शिव्या देऊन उठवायचा तो मी धुताना तोंड भिंतीकडे करायचा. मुलीसमोर असं पडून राहायला लागतंय याची लाज, दुसरं काही नाही. रोज तो माझ्याकडे बघायचा. काय विचारतोय ते मला कळायचं आणि मी दुसरीकडे बघायचे.

मी मागितलं, राजू. नावं घेतली, गल्ली घेतली, तुझी नोकरी, अपूर्वाची शाळा घेतली, आणि मग बाबांचं नाव घेऊन म्हटलं, “ह्या तुझ्या धोंडूक आता सोडय रे महाराजा.” पुरुष मंडळींपैकी कोणी व्हय म्हणेना. कोण म्हणेल? आणि खुर्चीतून आवाज आला. वाचा गेलेल्या माणसाचा, वाकड्या तोंडातून, पण स्पष्ट. “व्हय.” चौदा महिन्यांत काढलेला तो त्यांचा एकुलता एक शब्द. मग बाकीच्यांनी म्हटलं. त्यानंतर मी शेवटचं, सगळ्यांना सुखी ठेव, ते म्हणत होते तेव्हा तू पायऱ्या चढून आलास.

त्या दिवशी तिथे असलेल्यांपैकी कोणी तुला सांगितलं नाही. माझ्यावर दया म्हणून असेल.

तू म्हणालास बाईचं गाऱ्हाणं पोचत नाही. मला तुझा राग आला नाही त्याचा. मला वाटलं होतं तुला कळलंय, आणि कळलं नव्हतं म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. राजू, ते पोचलं. अकरा दिवसांत पोचलं. तेव्हापासून मी कुंभ्यासमोर तोंड उघडत नाही, कारण मला भीती वाटते की मी पुन्हा काही मागेन आणि ते होईल.

मी चुकले असं मला वाटत नाही. पण तुझ्यासाठी वीस मिनिटं न थांबता केलं, तिथे चुकले. तुझ्या वाट्याचा निरोप मी हिसकावून घेतला. त्याची माफी मागते.

आता यायचं की नाही ते तू ठरव. अभ्रे धुतलेलेच आहेत.

ताई


सोमवार, १५ डिसेंबर

राजू,

दीप्तीचा मेसेज आला. ‘ताई, त्यांनी फ्रिजवरचा कागद काढून टाकलाय. काही बोलत नाहीत. तुम्ही काय लिहिलंत?’

तिला मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग, वाटलं तर.

जंगलाला तरी जा. मी येणार नाही गेटवर. रविवारी जायचं, सोमवारी नाही, एवढं लक्षात ठेव. आणि पोरीच्या हातात खाऊ देऊ नकोस.

ताई


शनिवार, २० डिसेंबर

राजू,

पोस्टमन आज दुपारी आला. पाकिटावर मुंग्यांची रांग बघून मी ते घेऊन सरळ कुंभ्याकडे गेले. घरात उघडायचा धीर होईना. नितेशची आई माधुरीकाकू वाळवण उचलत होती, ती म्हणाली, “काय गो, कोर्टाचा कागद इलो काय?” मी म्हटलं, तसाच.

पत्र नव्हतंच. एक कागद, नवी यादी, पट्टीने रेघा मारलेली. वरचे दिवस मी वाचलेच नाहीत. तुझा तो मरीन ड्राइव्ह तिथेच असेल, राहू दे.

‘रविवार २८. सकाळी ७.३०, बोरिवली गेट. कान्हेरी. (वाटाड्या: ताई. लांब उभं राहू नये.)

रात्री मुक्काम: घरी.

सोमवार २९. सकाळी ७, कुंभ्याकडे. गाऱ्हाणं: ताई.’

बस. बाकी एक अक्षर नाही. सही पण नाही.

‘घरी’ लिहिलंस तू. ताईकडे नाही, घरी. आणि गाऱ्हाण्यापुढे माझं नाव. मी तो कागद इतक्यांदा वाचला की काकू घाबरून जवळ आली. मी तिला मिठीच मारली, तिच्या हातातले सगळे पापड मोडले.

पण राजू, मला जमेल का? सात वर्षं झाली. शब्द आठवतात, पण तोंडातून निघतील का माहीत नाही. आज कुंभ्यासमोर एकटीने बघितलं करून. ‘बा देवा’पर्यंत गेले आणि तिथेच अडकले. तू काही ठरवलंयस का? तू व्हय म्हणणार आहेस, की तेव्हासारखा उभा राहणार आहेस? यादीत तेवढं लिहिलेलं नाही.

नारळ आणलाय. नऊ दिवस टिकेल ना? टिकेल. तीन आणून ठेवलेत.

ताई


सोमवार, २९ डिसेंबर, संध्याकाळ

राजू,

तुमचं विमान आता पोचलं असेल. तू सगळीकडे होतास, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. सवय लागली, आणि काही गोष्टी तुला तुझ्या मागून दिसल्या नसतील.

गेटवर मी सातपासून उभी होते. तुमची गाडी आली, तू उतरलास, आणि पहिलं वाक्य काय, तर “ताई, टोपी उलटी घातलीस.” सात वर्षांनंतर टोपी! पण बरं केलंस. दुसरं काही म्हणाला असतास तर तिथे गेटवरच माझा निभाव लागला नसता. मग दिवसभर आपण दोघं ‘पाणी आहे का’ आणि ‘पायरी बघ’ एवढंच बोललो. अपूर्वा मात्र बोलत होती. कान्हेरीला तिने प्रत्येक ओट्यावर झोपून पाहिलं, मग वरच्या खडकावर पालथी पडून म्हणाली, “आत्या, मला मॉलच्या जागी हे कुणी सुचवलं?” दीप्ती माझ्याकडे बघून हसली. हा एक क्षण मी त्या पिशवी पळवणाऱ्या माकडाला देखील पळवू दिला नसता.

रात्री तू बाबांच्या जागेवर जेवायला बसला नाहीस, स्वयंपाकघराच्या दारात पाट घेतलास. मी तुझं ताट तिथेच वाढलं.

सकाळी कुंभ्याकडे गल्लीतली दहा-बारा माणसं आलेली, बहुतेक त्या दिवशीचीच. नितेश होता. नारळ ठेवला, विडा ठेवला. अपूर्वाने फुलं ठेवली. मला वाटलं तू माझ्या बाजूला उभा राहशील, पण तू मागे गेलास, सगळ्यांच्या मागे, भिंतीजवळ. मनात म्हटलं, झालं. त्या दिवशी पण तू तिथेच उभा होतास.

हात जोडले. बाबांसारखा आवाज काढायला गेले तर तो फाटला. “बा देवा महाराजा...” एवढंच निघालं. पुढचे शब्द समोर होते, गावाचं नाव, वाटेचं नाव, धोंडूची दोन लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत, सगळं. पण निघेना. लोक वाट बघत होते. भिंतीपलीकडे कुठलं तरी पाखरू ओरडत होतं आणि मी नुसती उभी.

आणि मागून तू ओरडलास. बेंबीच्या देठापासून. “व्हय महाराजा!”

अजून मी काही मागितलंच नव्हतं. माधुरीकाकू फस्‌कन हसली, नितेश हसला, सगळे हसले. मी वळले. तुझे डोळे वाहत होते आणि तू ते पुसतही नव्हतास. माझ्या तोंडून बाबांचं वाक्य आपोआप निघालं, “अरे, माका मागूक तरी दी!”

तू तिथूनच म्हणालास, सगळ्यांदेखत, “हा तेव्हाचा ‘व्हय’ रवलला, ताय. आता तू माग.”

ताई